सिंह, फूल आणि दोन पानं

प्रश्न असा आला आहे: 1963 साली गोव्याच्या पहिल्याच निवडणुकीत लोकांनी महाराष्ट्रात विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, म्हणजे मगोला, सत्ता दिली. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात त्याच लोकांनी विलीनीकरण फेटाळलं. आणि अडीच महिन्यांच्या आत, 28 मार्चला, पुन्हा मगोलाच निवडून दिलं. मग या लोकांची निष्ठा होती तरी कुणावर? की जनता अशीच, आज इथे उद्या तिथे?

आधुनिक इतिहास शिकवण्यात आणि गोवा-कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेण्यात माझी तीसेक वर्षं गेली. हा प्रश्न मला पुण्या-मुंबईत प्रत्येक व्याख्यानानंतर येतो, गोव्यात कधीच येत नाही. तिथल्या माणसाला यात विचारण्यासारखं काही वाटतच नाही.

आधी एक दुरुस्ती. ‘त्याच लोकांनी’ हे पूर्ण खरं नाही. 1963 मध्ये काँग्रेसला खुद्द गोव्यात एकही जागा मिळाली नाही, पण मतं मिळाली होती, आणि ती देणाऱ्यांत हिंदू मतदार पुष्कळ होते. ते मगोचे कधीच नव्हते. कौलाच्या वेळी त्यांतले बरेच दोन पानांकडे, म्हणजे विलीनीकरणाविरुद्धच्या निशाणीकडे, गेले. तेव्हा सगळा गोवा एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळला असं चित्र डोक्यात असेल तर ते काढून टाका. काही लोक हलले, काही आधीपासूनच तिकडे होते. तरीही तुमचा प्रश्न शिल्लक राहतोच, कारण नुसत्या काँग्रेसवाल्या मतांनी हिशेब जुळत नाही.

आकडे एकदा समोर ठेवू. मतदार 3,88,432. मतदान 3,17,633, म्हणजे जवळपास 82 टक्के. विलीनीकरणाच्या बाजूने, फुलाला, 1,38,170. संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित प्रदेश, राहण्याच्या बाजूने, दोन पानांना, 1,72,191. बाद 7,272. फरक 34,021 मतांचा. हा आकडा गोव्यात शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. मी विद्यार्थ्यांना त्याचं निम्मं करायला सांगतो: 17,011. इतक्या लोकांनी शिक्का दुसरीकडे मारला असता तर फूल एका मताने जिंकलं असतं आणि आज पणजी महाराष्ट्रातलं एक जिल्ह्याचं ठिकाण असती. ज्याला आपण मागाहून ‘ऐतिहासिक कौल’ म्हणतो तो इतका पातळ असू शकतो.

दुसरा हिशेब. गोव्यातला ख्रिस्ती समाज त्या वेळी लोकसंख्येच्या चाळीस टक्क्यांच्या आत होता. दोन पानांना वैध मतांपैकी साडेपंचावन्न टक्के मिळाली. एकूण एक ख्रिस्ती मत दोन पानांना पडलं असं धरलं तरी पंधराएक टक्के मतं उरतात, ती हिंदूंनीच दिलेली असणार. तेव्हा ‘ख्रिश्चनांनी विलीनीकरण पाडलं’ हे मुंबईच्या बाकड्यांवर अजून ऐकू येणारं वाक्य साध्या बेरजेतही टिकत नाही.

आता मूळ मुद्दा. तो सांगायला मला देवळात जावं लागेल. गोव्यात आणि कोकणात देवाला कौल लावतात. मूर्तीला किंवा पाषाणाला ओल्या पाकळ्या नाहीतर पानांचे तुकडे चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. ज्याने हे जवळून पाहिलंय त्याला ठाऊक असतं की सगळी मेख गाऱ्हाण्यात असते. ‘देवा, यंदा कसं करू?’ असं विचारून पाकळी काय सांगणार? ‘पोराला मुंबईला पाठवू की नको?’ असं विचारावं लागतं. आणि एका वेळी एकच गोष्ट. दोन गोष्टी एकत्र विचारल्या तर म्हातारे पुजाऱ्याला थांबवतात.

1963 च्या निवडणुकीत निदान चार गोष्टी एकत्र विचारल्या गेल्या होत्या.

पोर्तुगीज जाऊन दोन वर्षं होत होती. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, 9 डिसेंबर 1963 ला मतदान. गोव्यातल्या कुळाच्या आणि मुंडकाराच्या आयुष्यात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचं राज्य लिस्बनमध्ये नव्हतं, ते भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, पडवीत होतं. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणारा. घर त्याचं, जमीन त्याची नाही. भाटकाराने मनात आणलं तर उद्या बिऱ्हाड उचलायचं. नारळ पाडायला, कुंपण घालायला, लग्नकार्यात राबायला बोलावणं आलं की जायचं. भाटकार ख्रिस्ती असो की सारस्वत, मुंडकाराच्या पाठीला त्याने फरक पडत नव्हता. आणि काँग्रेस लोकांच्या नजरेत भाटकारांचा पक्ष झाली होती.

समोर दयानंद बांदोडकर. पेडण्यात जन्मलेले, खाणमालक, हाती पैसा भरपूर. पण बहुजन समाजातले, शाळेला, देवळाला, अडल्यानडल्याला हात सैल सोडणारे. लोक त्यांना ‘भाऊ’ म्हणायचे. पक्षाची निशाणी सिंह. त्या सिंहावर शिक्का मारणारा माणूस विलीनीकरणाला मत देत होता का? देत होता, कारण जाहीरनाम्यात ते होतं. पण त्याच शिक्क्यात तो भाटकाराच्या विरुद्ध मत देत होता, मराठी शाळेसाठी मत देत होता, आणि ‘आपल्यातला माणूस खुर्चीवर बसावा’ यासाठी मत देत होता. मगोचे स्वतःचे 14 आणि मित्रपक्ष प्रजा समाजवादीचे 2 निवडून आले, विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचे 12. 20 डिसेंबरला बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पुढच्याच वर्षी कूळ कायदा आला आणि खंड उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्यावर आणला गेला. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. ज्या घरात तोवर कुणी सही केली नव्हती तिथली पोरं बाराखडी घोकू लागली.

फोंड्याकडच्या एका कुळागराच्या कडेला मी एका जुन्या कुळाला भेटलो होतो. वय ऐंशीच्या पुढचं. त्यांनी आतून एक पत्र्याचा डबा आणला. त्यात दोरीने बांधलेल्या खंडाच्या पावत्या होत्या, पोर्तुगीज अमलातल्या आणि नंतरच्या. मी विचारायच्या आधीच त्यांनी दोन पावत्या शेजारी शेजारी मांडल्या, बोटाने आधी एक आकडा दाखवला, मग दुसरा, आणि डबा बंद केला. 1963 ची अख्खी निवडणूक मला तिथे दिसली. मग मी कौलाचं विचारलं. ते म्हणाले, “त्या दिसा शींव नासलो.” त्या दिवशी सिंह नव्हता.

सगळी गंमत या तीन-चार शब्दांत आहे. 16 जानेवारीच्या मतपत्रिकेवर फूल होतं आणि दोन पानं होती. सिंह नव्हता, भाऊंचं नाव नव्हतं, कूळ कायदा नव्हता. पाकळी एकच होती, गाऱ्हाणंही एकच. शिवाय भाऊ त्या दिवशी मुख्यमंत्रीही नव्हते. मगोचं सरकार राहून कौल घेतला तर तो निकोप होणार नाही, असा विरोधकांचा धोशा होता. त्यामुळे डिसेंबर 1966 च्या सुरुवातीला मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट लागली. मगोच्या बाजूने पाहिलं तर ही चूक होती असं आजही काही जुने कार्यकर्ते चुटपुट लावून घेतात. मला तसं वाटत नाही. सरकार राहिलं असतं तर फूल कदाचित जिंकलंही असतं, पण मग हरलेल्यांनी तो निकाल कधी मानला नसता.

पक्षापासून प्रश्न सुटा झाल्यावर माणसं काय पाहू लागली? पोटापाण्याचं. मुक्तीनंतर कारभार चालवायला बाहेरून, त्यातही महाराष्ट्रातून, प्रतिनियुक्तीवर अधिकारी आले होते. गावातल्या शिकलेल्या पोराला दिसत होतं की मामलेदार बाहेरचा, इन्स्पेक्टर बाहेरचा. संघप्रदेश राहिला तर या खुर्च्या कधीतरी आपल्या. जिल्हा झालो तर प्रत्येक बदलीचा कागद मंत्रालयातून येणार. त्यातून शेजारी रत्नागिरी. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा झाला नव्हता, सावंतवाडीही रत्नागिरी जिल्ह्यातच. सावंतवाडीच्या रस्त्यांची दशा पेडण्याच्या माणसाला कुणी सांगायला नको होती. तो बाजाराला तिकडेच जात होता. महाराष्ट्रात आल्यावर काय होतं याचा नमुना त्याला बसमधून दिसत होता.

आणि दारूबंदी. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा होता. काजूची भट्टी लावणारा, माडाची सूर काढणारा रेंदेर, तवेर्न, म्हणजे दारूचा गुत्ता, चालवणारा, यांच्या पोटावर तो थेट येणार होता. पुण्याच्या परिसंवादात दारूबंदीचा मुद्दा काढला की लोक हसतात. ज्या गावात पावसाळ्यापूर्वीची सगळी कमाई काजूच्या हंगामातून येते तिथे कुणी हसत नव्हतं.

पण पोटापाण्याच्या मागे आणखी एक गाठ आहे, आणि आपल्याकडे समजायला अवघड तीच जाते. गोव्यातला हिंदू मराठीवर प्रेम करायचा. देवळातलं कीर्तन मराठीत, भजन मराठीत, जत्रेतलं नाटक मराठीत, पोथी मराठीत, वर्तमानपत्र मराठीत. पोर्तुगीजांच्या अमलात हिंदू म्हणून उभं राहायला ज्या भाषेने आधार दिला ती ही भाषा. घरात मात्र कोंकणी. यावरून मुंबईच्या पुढाऱ्यांनी निष्कर्ष काढला की मराठी वाचतो म्हणजे महाराष्ट्र मागतो. त्यांची चूक समजण्यासारखी होती. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला, त्याला दोन वर्षंही होत नाहीत तोच गोवा सुटला. संयुक्त महाराष्ट्राची धग अजून अंगात होती. बेळगाव-कारवार राहिल्याचा सल होता. भाषा आणि राज्य हे एकच असतं, हे त्या पिढीला रक्त सांडून पटलं होतं. जे आपल्याला पटायला एवढं मोल पडलं ते दुसऱ्याला पटलेलं नसेल, ही शक्यताच डोक्यात येत नाही.

तिकडे दोन पानांच्या प्रचाराने याच ठिकाणी नेमकं बोट ठेवलं. मडगावहून निघणारं ‘राष्ट्रमत’ हे दैनिक विलीनीकरणाच्या विरोधातलं सगळ्यात धारदार हत्यार ठरलं. चंद्रकांत केणी संपादक, उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर. आणि हे सगळं मराठीत! कोंकणीची आणि गोव्याच्या वेगळेपणाची लढाई मराठी वर्तमानपत्रातून लढली गेली, कारण ज्या हिंदू मतदाराला वळवायचं होतं तो वाचत होता मराठी. दुसऱ्या बाजूने ‘गोमन्तक’ विलीनीकरणासाठी तितक्याच जोरात. म्हणजे पिंपळाच्या पारावर दोन मराठी पेपर एकमेकांवर तुटून पडत होते आणि वाचणारे त्यावर कोंकणीत वाद घालत होते. गावोगाव कोंकणी गाणी होत होती, मनोहरराय सरदेसाईंचे शब्द, उल्हास बुयांवांचा आवाज. घोषणा होती ‘आमचें गोंय आमकां जाय’, आमचा गोवा आम्हाला हवा. महाराष्ट्राचं नावही घ्यायचं नाही, शिवी तर नाहीच. ज्या माणसाच्या देव्हाऱ्यात ज्ञानेश्वरी आहे त्याला ज्ञानेश्वरी आणि गोवा यांतलं एक निवड असं सांगितलं असतं तर प्रचार तिथेच आपटला असता.

मग मार्चमध्ये सिंह परत मतपत्रिकेवर आला. विलीनीकरणाचा निकाल लागलेला होता, आता भाऊंना मत दिलं तरी गोवा कुठे जाणार नव्हता. उलट भाऊंना मत दिलं नाही तर भाटकार परत येण्याची भीती होती. मगोला 16 जागा, युनायटेड गोवन्सला 12. पानांना मत देऊन मग सिंहाला मत देणाऱ्याला यात काही उलटसुलट दिसत नव्हतं. डबा बंद करून ते कूळ म्हणाले होते, “भाऊ आमचो, पूण गोंयूय आमचेंच.” बांदोडकर 12 ऑगस्ट 1973 ला वारले तोपर्यंत मुख्यमंत्रीच होते. स्वतःच्या पक्षाच्या मूळ मागणीवर हरून लोकांच्या मनातून न उतरलेला असा पुढारी भारतात मला दुसरा चटकन आठवत नाही.

हे फक्त गोव्यातच झालं असं समजू नका. आपल्याच घरात बघा. 1957 ला संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली. महाराष्ट्र मिळाल्यावर 1962 ला त्याच काँग्रेसने 264 पैकी 215 जागा घेतल्या. लोक पाच वर्षांत काँग्रेसप्रेमी झाले होते का? समितीला दिलेलं मत मुंबईसाठी होतं. मुंबई मिळाली, काम झालं.

याउलट जुनागढ घ्या. फेब्रुवारी 1948 च्या सार्वमतात 1,90,000 हून अधिक मतं पडली, पाकिस्तानच्या बाजूने 91. सिक्कीममध्ये 1975 च्या एप्रिलमध्ये भारतात सामील होण्याच्या बाजूने 59,637, विरुद्ध 1,496. अशा निकालांतून सत्तेचा निकाल लागतो, पण लोकांच्या मनात काय काय एकमेकांत गुंतलेलं होतं ते कळत नाही. म्हणून अभ्यासाला मला गोवा आवडतो. तिथे हरणाऱ्या बाजूलाही साडेचव्वेचाळीस टक्के होते. पेडणे, सत्तरी, डिचोली, फोंडा या बाजूला फुलाचा जोर होता, सासष्टीत दोन पानांचा. आणि दोन्हीकडची माणसं दुसऱ्या दिवशी त्याच पदेराकडून पाव घेत होती.

तुम्ही स्वतः मुलाखती घेणार असाल तर एक धोका सांगतो. ‘कौलात तुम्ही कुणाला मत दिलं?’ हा प्रश्न विचारू नका, निदान पहिल्या दिवशी नको. जिंकलेल्या बाजूला मत दिल्याची आठवण वर्षागणिक वाढत जाते. फुलाचा जोर असलेल्या भागातल्या एका गावात मी चार दिवस फिरलो, फुलाला मत दिलेला माणूस मला सापडला नाही. खोटं कुणी बोलत नव्हतं. जे आता पटतं तेच तेव्हा केलं असणार अशी त्यांची खात्री झालेली होती. डब्यातल्या पावत्या दाखवणाऱ्या माझ्या त्या कुळाबद्दलही मी छातीठोक सांगणार नाही की त्यांनी दोन पानांवरच शिक्का मारला असेल. त्यापेक्षा विचारा: घर कुणाच्या जमिनीवर होतं? खंड कुठे नेऊन द्यायचात? घरातलं कोण मुंबईला होतं? पहिली चोपडी कुठली वाचलीत? मत त्यातून आपोआप बाहेर पडतं, कधी कधी सांगणाऱ्याच्याही नकळत.

कौलाने वाद मिटला का, हेही ओघाने येतंच. राज्याचा मिटला. संघप्रदेश आणखी वीस वर्षं राहिला, 30 मे 1987 ला राज्य झालं. भाषेचा मिटला नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तो रस्त्यावर आला, माणसं मेली, आणि 4 फेब्रुवारी 1987 ला राजभाषेचं विधेयक विधानसभेत मंजूर झालं: देवनागरी कोंकणी राजभाषा, सरकारी कामात मराठीलाही जागा. म्हापशाला एका निवृत्त शिक्षकांकडे मी गेलो होतो. 1967 ला ते दोन पानांचे कार्यकर्ते, भिंती रंगवलेल्या. 1986 ला मराठी राजभाषा व्हावी म्हणून धरणं धरणाऱ्यांत. मी वहीत दोन्ही गोष्टी लिहिल्या आणि अगदी तुमच्यासारखंच विचारलं, की गुरुजी, हे जुळतं कसं?

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, “तुम्ही पुण्याहून आलात का हो?”